बर्फातली चारा छावणी: रेनडिअरच्या डोळ्यांच्या साथीच्या नोंदी

१८ जानेवारी, ट्रॉम्सो (उत्तर नॉर्वे)

सामान बांधून झालं. स्वॅबच्या तीन पेट्या, विषाणूंसाठी द्रव भरलेल्या नळ्या, जिवाणूंसाठी वेगळ्या, रक्ताच्या नळ्या, डोळ्यातली जखम दाखवणाऱ्या फ्लुओरेसीन रंगाच्या पट्ट्या, दोन हेडलॅम्प आणि बारा पेन्सिली. पेन एकही नाही. मागच्या हिवाळ्यात उणे वीसला शाई गोठली आणि अर्ध्या दिवसाच्या नोंदी मी आठवणीतून लिहून काढल्या. तसं पुन्हा करायचं नाही.

प्रकल्पाचा प्रश्न साधा आहे. हिवाळ्यात रेनडिअरना कुंपणात घेऊन चारा घालायला लागलं की त्यांचे डोळे का येतात, आणि आधी कुणाचे येतात? इंग्रजी अर्जात याला भलंमोठं नाव आहे. माझ्या वहीत मी 'डोळे आले' असंच लिहिते. परभणीच्या पशुवैद्यकीय कॉलेजातही प्राध्यापक वर्गात एक बोलायचे आणि गोठ्यात दुसरं.

आजार जुना आहे. स्वीडनमध्ये आर्विद बर्गमान यांनी १९१२ मध्येच रेनडिअरच्या या संसर्गजन्य नेत्रदाहावर लिहून ठेवलंय. पुढे बराच काळ संशय मोराक्सेला या जिवाणूवर होता. गाईगुरांच्या डोळ्यांत तोच धुमाकूळ घालतो, त्यामुळे संशय स्वाभाविकच. मग इथल्याच संशोधकांनी २०१७ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही रेनडिअरच्या डोळ्यांत रेनडिअरचा हर्पीस विषाणू सोडला, काहींच्या डोळ्यांत मोराक्सेला बोव्होक्युली. विषाणूनं डोळे आले, एकट्या जिवाणूनं आले नाहीत. या विषाणूचं नाव सर्व्हिड हर्पीसव्हायरस २.

म्हणजे गुन्हेगार सापडला. मग आता आम्ही काय शोधतोय, असं आईनं फोनवर विचारलं. बरोबर विचारलं. हा विषाणू कळपातल्या पुष्कळ जनावरांच्या अंगात आधीपासून झोपलेला असतो. उत्तर नॉर्वेतल्याच फिनमार्क भागात रक्त तपासलं तेव्हा जवळपास निम्म्या रेनडिअरमध्ये त्याच्या खुणा मिळाल्या. तो उठतो कधी आणि उठवतं कोण, तो भाग शोधायचाय.

हिवाळ्याच्या अंधारानंतरचा पहिला सूर्य अजून तीन दिवस लांब आहे. २१ तारखेला गावभर जॅम भरलेले गोल बन खातील. मी नसेन बहुतेक.

२२ जानेवारी

नसेन म्हणता म्हणता इथेच होते. दोन बन खाल्ले.

थोरल्याचा फोन आला. (या कळपाचं काम पाहणारे दोघे भाऊ आहेत. वहीत मी त्यांना थोरला आणि धाकटा म्हणते.) पठारावर दोन दिवस पाऊस झाला. जानेवारीत, फिनमार्कच्या आतल्या भागात, पाऊस. त्यानंतर एका रात्रीत पारा उणे अठरावर उतरला. तो एकच शब्द बोलला: 'चुओह्की'. जमिनीला चिकटलेला बर्फाचा पत्रा, ज्याखाली दगडफूल अडकतं. रेनडिअर खुरानं भुसभुशीत बर्फ उकरून खालचं दगडफूल खातो, वास बर्फातून वर येतो म्हणून जागा सापडते. पत्र्याखालून वासही येत नाही आणि खूरही चालत नाही.

सामी भाषेत (सामी म्हणजे इथले मूळचे, रेनडिअर पाळणारे लोक) 'गुओह्तुन' असा एक शब्द आहे. कुरण असं त्याचं भाषांतर करतात, पण ते अपुरं पडतं. खाली दगडफूल किती आहे आणि वरचा बर्फ ते खाऊ देतो का, दोन्ही मिळून गुओह्तुन. शेतात कणसं उभी आहेत पण कुणाला आत जाता येत नाही, तर आपण पीक चांगलं म्हणू का? या वर्षी दगडफूल भरपूर आहे. गुओह्तुन नाही.

तेव्हा ठरलं: या आठवड्यात कळप कुंपणात घेणार आणि बाहेरून चारा आणणार. आम्हाला 'चारा सुरू होण्याआधीचे' नमुने हवे असतील तर दोन दिवसांत पोचायला हवं.

२५ जानेवारी, फिनमार्कमधल्या कौतोकेइनो गावाबाहेर

उणे सत्तावीस. ट्रॉम्सोहून जवळचा रस्ता फिनलंडमधून जातो, पण परत येताना रक्त आणि स्वॅब घेऊन दोन वेळा हद्द ओलांडायची म्हणजे कागदांचा व्याप. म्हणून आल्टामार्गे लांबचा वळसा.

कुंपण म्हणजे लाकडी खांबांवर ताणलेली जाळी आणि तिला लावलेलं हिरवट कापड. धनगरांची वाघूर आठवते, फक्त उंची दुप्पट. आत कळप गोल फिरत राहतो. चालताना रेनडिअरच्या पायातला स्नायुबंध हाडावरून सरकून टक्‌टक्‌ आवाज करतो. शेकडो पायांचा तो आवाज एकत्र ऐकला की दूर कुठेतरी हातमाग चाललाय असं वाटतं.

शेकडो म्हटलं, आकडा लिहिलेला नाही. तो विचारायचा नसतो. पहिल्या वर्षी मी विचारला होता, तेव्हा धाकट्यानं हसून मला माझा पगार विचारला. आमच्याकडे म्हातारी माणसं गुरं मोजू देत नाहीत, नजर लागते म्हणून. त्यामुळे मला समजायला वेळ लागला नाही, लाज मात्र वाटली.

पकडायची पद्धत: धाकटा फासा टाकतो, दोघं शिंगं धरतात, मी डोळा धरते. माद्यांना आणि पाडसांना या दिवसांत शिंगं असतात, नरांची माजानंतर गळून पडलेली. खालची पापणी ओढायची, आतल्या गुलाबी खोबणीत स्वॅब फिरवायचा, मोडून नळीत टाकायचा. दुसरा डोळा. मग मानेतून रक्त. एका जनावराला चार मिनिटं लागतात. पाचव्या मिनिटाला माझी बोटं चालत नाहीत.

दोननंतर अंधार झाला आणि हेडलॅम्पवर काम सुरू केलं. तिथे फसले. एका मादीच्या डोळ्यावर दिवा पडला आणि डोळा गडद निळा चमकला. 'कॉर्निया सुजलाय' (डोळ्यावरचा पारदर्शक पडदा) असं मी ओरडलेच. दुसरीचा निळा, तिसरीचाही. थोरला काही न बोलता थांबला, मला स्वतःचं आठवायला वेळ दिला.

रेनडिअरच्या डोळ्यात मागे एक चकाकणारा थर असतो, गाईगुरांच्या डोळ्यांत असतो तसाच. उन्हाळ्यात तो सोनेरी असतो, हिवाळ्यात निळा होतो. सततच्या अंधारात बाहुल्या महिनोन्‌महिने विस्फारलेल्या राहतात, डोळ्यातला दाब वाढतो, त्या थरातले तंतू दाबले जाऊन जवळजवळ येतात आणि परत फिरणाऱ्या प्रकाशाचा रंग बदलतो. ट्रॉम्सो आणि लंडनच्या संशोधकांनी २०१३ मध्ये हे मांडलं. मी ते वाचलेलं होतं, भाषणातही वापरलं होतं. पण उणे सत्तावीसला वाचलेलं आठवत नाही.

आजारी डोळ्याचा निळेपणा पुढे असतो, काचेवर वाफ धरावी तसा दुधाळ. निरोगी डोळ्याचा खोल आत असतो, विहिरीतल्या पाण्यासारखा. म्हणून नवीन नियम: दिवा समोरून धरायचा नाही, बाजूनं तिरका धरायचा.

आज बत्तीस जनावरं झाली. सगळ्यांचे डोळे स्वच्छ.

२६ जानेवारी

सहा नळ्या फुटल्या. गाडीत मागे ठेवल्या होत्या, हीटर पुढे. इथे बर्फाची पेटी नमुने थंड ठेवायला लागत नाही, गोठण्यापासून वाचवायला लागते. उरलेल्या नळ्या जॅकेटच्या आतल्या खिशात, पोटाशी. रात्री अंथरुणातही.

३ फेब्रुवारी, ट्रॉम्सो

धाकट्यानं फोटो पाठवला. एक मादी पाडस, डाव्या डोळ्याखाली गालावरून उतरलेली तपकिरी ओली रेघ. केस चिकटलेले. खाली त्यानं फक्त प्रश्नचिन्ह टाकलंय.

चारा सुरू होऊन आठ दिवस झाले.

५ फेब्रुवारी

सात जनावरं, त्यातली सहा मागच्या उन्हाळ्यात जन्मलेली पाडसं. फोटोतली पाडस पकडली. तिच्या कानाखाली पांढरा ठिपका आहे, वहीत ती 'टिकली'. पापण्या सुजून अर्ध्या मिटलेल्या, चिपडं, उजेडाकडे मान वळवत नाही. पट्टी लावून निळ्या दिव्यात पाहिलं तर कॉर्नियाच्या मधोमध हिरवी जखम उजळली, ज्वारीच्या दाण्याएवढी. दोघांच्या डोळ्यांत नुसतं पाणी आहे. एकाचा डोळा पूर्ण पांढरा, आमच्याकडे म्हणतात तसं 'फूल पडलंय'.

मला इथे एक गोष्ट सुरुवातीपासून छळते ती लिहून ठेवते. मराठवाड्यात जनावरांचे डोळे आले की आम्ही आधी माशीकडे बघायचो. पावसाळ्याच्या शेवटी माश्या एका गाईच्या डोळ्यावरून उठतात, दुसरीच्या डोळ्यावर बसतात. सोबत धूळ, गवताची कुसळं, कडक ऊन. इथे माशी नाही, धूळ नाही, सूर्य दिवसातून पाच-सहा तासच क्षितिजाजवळ टेकून असतो. तरी साथ पसरली. मग नेणारं कोण?

आज दुपारी कुंपणाच्या दारात उभी राहून नुसतं बघत बसले. चाऱ्याची लाकडी कुंडी साधारण चार मीटर लांब. तिच्यावर दोन्ही बाजूंनी तोंडं घुसलेली. बलदंड माद्या शिंगानं बाजूला सारतात, पाडसं मधून मुंडकं खुपसतात. गाल गालाला, डोळा दुसऱ्याच्या नाकाला. गोळ्यांच्या चाऱ्यावर ओलं. तेच ओलं पुढच्याच्या तोंडाला. मोकळ्या पठारावर दोन रेनडिअर एकाच खड्ड्यात तोंड घालत नाहीत. प्रत्येकाचा उकरलेला खड्डा वेगळा, आणि दुसरं जवळ आलं तर शिंग उगारतात.

आणि मला २०१३ आठवलं. बीड जिल्हा, आष्टी तालुका, चारा छावणी. मी नुकतीच पास झाले होते, लाळ्या-खुरकुताच्या लसी टोचायला गेले होते. पालं ठोकून माणसं जनावरांशेजारीच राहत होती. दावणीला दावण लागलेली, उसाचं वाढं आणि पेंड. घरच्या गोठ्यात ज्या म्हशीला कधी खोकला झाला नाही ती छावणीत पंधरा दिवसांत आजारी पडली, म्हणून एक मावशी माझ्यावर डाफरली होती: "चारा दिला सरकारनं, पण शेजार कुणी दिला?" तेव्हा मी लसीची पेटी बंद करून पुढच्या दावणीला गेले होते.

वेगळी जनावरं, वेगळा आजार, तिथे पाऊस पडला नाही आणि इथे नको तेव्हा पडला. छावणी मात्र तीच.

६ फेब्रुवारी

सामी लोकांचा राष्ट्रीय दिवस. गावात झेंडे. आह्कु (दोघा भावांची आजी, सामीत आजीला आह्कु म्हणतात, मीही तेच म्हणते) सकाळीच लाल काठाचा निळा गाक्ती (सामींचा सणाचा पोशाख) घालून तयार होती. तशीच चाऱ्याचं पोतं ओढत कुंपणात आली, कारण जनावरांना सण नसतो.

दुपारी बिदोस: रेनडिअरचं मांस, बटाटे, गाजर, मीठ. बाकी काही नाही. मी गुपचूप काळा मसाला घातला. आह्कुनं पाहिलं आणि आपलीही वाटी पुढे केली.

मग उपचारावरून वाद. माझ्या पाठ्यपुस्तकाप्रमाणे प्रतिजैविक मलम दिवसातून तीन वेळा, पाच ते सात दिवस. थोरला म्हणाला, "तीन वेळा पकडायचं? सात जनावरांना? प्रत्येक वेळी सगळा कळप पळवून?" मी म्हटलं, पर्याय काय. तो म्हणाला, "पळवलं की जास्त आजारी पडतात."

पटकन उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मिटलं. कारण तो बरोबर आहे आणि त्याचा पुरावा आमच्याच कपाटात आहे. हा हर्पीस विषाणू पहिल्या संसर्गानंतर चेहऱ्याच्या मज्जातंतूंच्या गाठीत जाऊन बसतो. संशोधकांनी निरोगी दिसणाऱ्या रेनडिअरना डेक्सामेथासोन टोचलं, म्हणजे ताणात शरीर जे बनवतं त्याचाच कारखान्यातला भाऊ, तेव्हा विषाणू पुन्हा बाहेर पडू लागला. आपल्या ओठावर परीक्षेच्या आठवड्यात ज्वर फुटतो, तसाच प्रकार. पळापळ, उपासमार, गर्दी, अनोळखी चारा, प्रत्येक गोष्ट त्या गाठीवर टकटक करणारी. आणि मी दिवसातून तीन वेळा फासा टाका म्हणतेय.

मलम विषाणूवर चालतही नाही. त्याच्या मागून येणाऱ्या जिवाणूंना थोपवतं, ते महत्त्वाचंच, कारण डोळा फुटतो तो बहुतेक त्यांच्यामुळे. पण आग विझवणं वेगळं आणि शेजारची गंजी हलवणं वेगळं.

तडजोड: आजारी सात वेगळ्या छोट्या कुंपणात. तिथे पळायला जागा नाही त्यामुळे फासाही नको, हातानं धरता येतात. एकदाच दीर्घकाळ टिकणारं इंजेक्शन, दिवसातून एकदा मलम, तेही चारा घालताना. इंजेक्शन दिलेलं जनावर ठरलेल्या मुदतीआधी कापायचं नाही, याची पाटी दारावर. स्टेरॉइडचं मलम गाडीतूनच बाहेर काढायचं नाही.

७ फेब्रुवारी

आह्कु टिकलीसाठी हातानं गोळा केलेलं दगडफूल घेऊन आली. शरदात पोत्यात भरून ठेवलेलं. उपाशी रेनडिअरला एकदम सुकं गवत घातलं तर पोट बिघडतं, आतले सूक्ष्मजीव दगडफुलाला सवकलेले असतात. आधी दगडफूल, मग त्यात थोड्या गोळ्या, मग वाढवत जायचं. टिकलीनं डावीकडचा घास ओळखला नाही, उजवीकडून मान वळवून घेतला.

आह्कुला विचारलं, पूर्वी असे डोळे यायचे का. म्हणाली, यायचे, एखाद्‌दुसऱ्याचे, शरदात कळप एकत्र करताना. आता हिवाळ्यात येतात आणि रांगेनं येतात. मग मी विचारलं, हे वर्ष 'गोअव्वी' म्हणायचं का? (अनर्थाचा हिवाळा, ज्यात कळप मरतात.) तिनं मान हलवली. गोअव्वी तिनं लहानपणी पाहिलाय. "तेव्हा पोती नव्हती."

९ फेब्रुवारी, ट्रॉम्सो

नमुने प्रयोगशाळेत दिले. झोपले.

१४ फेब्रुवारी

आजारी अकरा. मग थोरल्यानं जे केलं ते कुठल्याही अर्जात लिहिलेलं नव्हतं. त्यानं मोठं कुंपण उघडलं आणि कळप गोठलेल्या तळ्यावर नेला. कुंड्या सोडून दिल्या. स्नोमोबाइलमागे घसरगाडी बांधून चारा एका लांबच लांब रेघेत टाकला, आणि रोज रेघ नवीन बर्फावर. कालची जागा परत नाही. जनावरं रेघेवर पांगून खातात, मध्ये दोन-तीन हातांचं अंतर.

मी म्हटलं, कल्पना छान आहे, कुठून सुचली? म्हणाला, कुंडीपाशी तासभर उभी राहून तूच तर बघत होतीस, मग मीही बघितलं.

अडचण अशी की तळ्यावर कुंपण नाही. रात्री पाळीपाळीनं पहारा. लिंक्स आणि वोल्व्हरिन हे दोन्ही शिकारी प्राणी या भागात आहेत. धाकटा तीन रात्री झोपला नाही आणि प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात 'पहारा' या शीर्षकाखाली एक क्रोनरही नाही. मी प्रकल्पप्रमुखांना लिहिलं. इथे त्यांना पहिल्या नावानं हाक मारायची पद्धत आहे, पण पैसे मागताना माझ्याकडून 'सर'च लिहिलं गेलं.

२ मार्च

निकालाचा पहिला हप्ता, आणि माझी चूक.

चूक आधी. २५ जानेवारीला 'डावा' आणि 'उजवा' मी बाहेरून बघणाऱ्याच्या बाजूनं लिहिलं. ५ फेब्रुवारीला जनावराच्या बाजूनं. टिकलीच्या तक्त्यात आधी उजव्या डोळ्याला संसर्गाची खूण आणि आजार मात्र डाव्या डोळ्याला, असं अद्‌भुत चित्र निघालं, तेव्हा कळलं. बत्तीस जनावरांच्या ओळी हातानं उलटवल्या. तपासणीसाला सांगावं लागलं. त्यानं शांतपणे विचारलं, तुमच्याकडे जनावराचा डावा पाय कसा ओळखतात? आमच्याकडे जनावराच्या मागे उभं राहून ओळखतात. उत्तर माहीत होतं, हीच तर गंमत.

आता निकाल, पुढची फेरी होईपर्यंत पेन्सिलीनंच. ज्यांचे डोळे आले त्यांच्या डोळ्यांत विषाणूचा डीएनए मिळतोय. मोराक्सेला आजाऱ्यांतही मिळतोय आणि स्वच्छ डोळ्यांतही, म्हणजे तो घरातलाच, संधीची वाट बघणारा. आणि रक्त: चारा सुरू होण्याआधी घेतलेल्या नमुन्यांत प्रौढ माद्यांपैकी बऱ्याच जणींत विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं होती, पाडसांत जवळपास नव्हती. (ही चाचणी मुळात गाईंच्या हर्पीससाठी बनवलेली. दोन्ही विषाणू इतके जवळचे भाऊबंद की गाईची चाचणी रेनडिअरलाही चालते.)

चित्र असं दिसतंय: आया विषाणू बाळगून आहेत आणि ठणठणीत आहेत. कुंपण, ताण, विषाणू जागा, कुंडी, आणि शेजारी मुंडकं खुपसणारी, पहिलाच हिवाळा पाहणारी पाडसं. रेनडिअरसाठी या विषाणूवर लस बाजारात नाही. म्हणजे या साखळीत आपल्या हातात असलेली कडी एकच, कुंडी.

तळ्यावर गेल्यापासून नवीन आजारी दोन. यावरून काही सिद्ध होत नाही. साथ आपणहूनही ओसरली असेल, तुलनेला दुसरा कळप नाही. अहवालात हे वाक्य ठळक टाकायचं.

२० मार्च

अकरापैकी आठांचे डोळे निवळले, दोघांच्या डोळ्यांवर पुसट ढग राहिलाय. टिकलीचा डावा डोळा गेला. जखम आरपार झाली, आतलं भिंग निसटलं, आता डोळा आत ओढला गेलाय.

एका डोळ्यानं रेनडिअर जगत नाही असं नाही. पण रेनडिअरला आपल्याला न दिसणारा अतिनील प्रकाश दिसतो. बर्फ तो परतवतो, दगडफूल आणि लांडग्याची लव तो शोषून घेतात, म्हणून पांढऱ्यावर पांढरं असं जे आपल्याला दिसतं ते त्याला काळंपांढरं दिसतं. हे सगळं एका बाजूनं बंद. त्यात महिन्याभरात कळप किनाऱ्याकडे निघणार, नद्या ओलांडणार. गरुड आणि वोल्व्हरिन आंधळ्या बाजूनंच येतील.

थोरल्यानं निर्णय घेतला. इंजेक्शनची मुदत संपलेली होती.

मला डोकं हवं होतं. चेहऱ्याच्या मज्जातंतूंची ती गाठ कवटीच्या तळाशी असते, तिथे विषाणू दडलाय का हे फक्त अशा वेळीच बघता येतं. आह्कुलाही डोकं हवं होतं. इथे जीभ आणि डोक्याचं मांस वाया घालवत नाहीत, मला मागायला कसंतरी वाटत होतं. तिनं आधी जीभ काढून घेतली, मग गाल, मग उरलेलं माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाली, "हाडातलं तुझं." संध्याकाळी मज्जेची हाडं फोडली. मी खाल्लं. ज्या जनावराला नाव दिलं ते खायला नको वाटतं हे तिला सांगितलं, तेव्हा तिनं विचारलं, मग नाव का दिलं?

दोन्ही गाठी वेगळ्या काढल्या. डावीला लाल दोरा, जनावराच्या डावीला, मागे उभं राहून दोनदा खात्री करून.

३१ मार्च

ईस्टरच्या आठवड्यात कौतोकेइनोत रेनडिअरच्या शर्यती असतात. धाकटा झोपून राहिला.

१६ एप्रिल

दिवसा बर्फ मऊ पडतो, रात्री घट्ट होतो. पठाराच्या दक्षिण उतारांवर काळे ठिपके उघडे पडलेत. चार दिवसांपासून जनावरं चाऱ्याच्या रेघेकडे येईनाशी झालीत, उतारावर जाऊन स्वतःच उकरतात. आह्कु म्हणाली, गुओह्तुन आलं.

गाभण माद्या आज रात्री निघाल्या, बर्फ घट्ट असताना. त्या आधी जातात, बाकीचे मागून. मी दारातून बाहेर पडणाऱ्या शेवटच्या पंधरांचे डोळे पाहिले. हेडलॅम्पची गरजच पडली नाही, रात्री नऊलाही वाचता येईल एवढा उजेड. तरी सवयीनं एकीच्या डोळ्यावर तिरका दिवा मारला. जानेवारीतला तो गडद निळा आता फिकटलाय, कडेला हिरवट पिवळी झाक. नोंद केली. प्रकल्पात या रंगासाठी रकाना नाही, समासात केली.

९ मे, ट्रॉम्सो

गाठींचा निकाल. टिकलीच्या डाव्या गाठीत विषाणूचा डीएनए आहे. उजव्या गाठीतही आहे. तिचा उजवा डोळा शेवटपर्यंत स्वच्छ होता.

म्हणजे आठ निवळलेल्या पाडसांच्या गाठींतही तो असणार असं धरून चालावं लागेल, आणि त्यातल्या माद्या दोन-तीन वर्षांनी आया होतील. औषधानं डोळा बरा झाला तरी कळपातून विषाणू गेला असं होत नाही. हे मी एका अहवालात सहज लिहिलं असतं. थोरल्याला फोनवर नॉर्वेजियनमध्ये सांगताना तीनदा अडखळले.

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "ठीक. पुढच्या हिवाळ्यात सुरुवातीपासूनच तळ्यावर. पहाऱ्याला माणूस कोण देणार ते तुझ्या सरांना विचार."

विचारलं आहे. जुलैत किनाऱ्यावर नवीन पाडसांच्या कानखुणा होतील, तेव्हा रक्ताची पुढची फेरी. नळ्या मागवल्या. लाल दोऱ्याचं एक रीळही.